तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तास कमी झालेत, घेऊन टाकू का?’

इकडे साउदम्प्टनला मार्चमध्ये जरा ऊन पडलं की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. पांढरीशुभ्र, टोकदार नाकाची, चाळीस-पंचेचाळीस फुटी स्पोर्ट्स यॉट, मागे ऊन खात पडायला गादी, आणि खाली ठरलेला प्रश्न, वीस वर्षं जुनी आहे पण इंजिनांचे तास फक्त चारशे झालेत, घेऊन टाकू का? विचारणारे बहुतेक आपलेच, कुणी रेडिंगचा, कुणी दुबईचा, एकदा तर ठाण्याहून आला होता. मी चौदा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि आता लोकांच्या बोटींची डिझेल इंजिनं तपासून देतो, म्हणून मला विचारतात. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला, तेव्हा एकदाच लिहून ठेवतो.

इंजिन आजवर चारशेच तास चाललंय हे ऐकून तुम्ही खूश होता आणि माझ्या पोटात गोळा येतो. गाडीचं कसं, कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, ही सवय डोक्यातून जात नाही. पण वीस वर्षांत चारशे तास म्हणजे वर्षाला वीस तास, म्हणजे उन्हाळ्यातले चार-पाच रविवार, आणि उरलेलं वर्ष ते इंजिन खाऱ्या हवेत, पोटात खारं पाणी घेऊन नुसतं बसलेलं. मी मूळचा हर्णैचा. काकाचा ट्रॉलर होता, जूनपासून मासेमारी बंद, होडी वर ओढून शाकारलेली, आणि श्रावणात पहिल्यांदा इंजिन सुरू करायची वेळ आली की सगळी कटकट त्याच दिवशी निघायची, पंप अडकलेला, इंपेलर, म्हणजे पंपातलं रबरी चाक, चिकटलेला, डिझेल फवारणारं नोझल टपकतंय. सीझनभर रात्रंदिवस तेच इंजिन ठोकलं तरी हूं की चूं नाही. आमचा मेस्त्री म्हणायचा, चालतंय त्याला काय होत नाय, बसलंय त्याला बघ. हा माणूस कुठल्या कॉलेजात गेला नव्हता आणि मी नंतर जे काही परीक्षा देऊन शिकलो ते त्याच्या या वाक्यापलीकडे फार नाही.

आता या स्पोर्ट्स यॉटची इंजिनं ट्रॉलरच्या इंजिनासारखी नसतात हेही समजून घ्या. 13 लिटरचं ट्रकचं इंजिन 500 हॉर्सपॉवर देतं, म्हणजे लिटरमागे चाळीसच्या आत. व्होल्व्हो पेंटाचं डी6 साडेपाच लिटरचं आणि त्यातून 370 हॉर्सपॉवर काढलेत, लिटरमागे 67. एवढी ताकद का काढतात तर बोट पाण्यावर उचलून सपाट पळवायची असते, शेतातला नांगर धरून ढकलल्यासारखी नाही. म्हणून कंपनीच या रेटिंगला सांगते की बारा तासांत फुल थ्रॉटल, म्हणजे पूर्ण जोर, जास्तीत जास्त एक तास आणि वर्षाला तीनशेच्या आत तास. म्हणजे इंजिन आधीच ताणलेलं, त्यात कमी वापरलेलं. दोन्ही बाजूंनी मार.

आणि मरतं कशानं तर पिस्टन झिजून फार कमी वेळा. मरतं खाऱ्या पाण्यानं. समुद्राचं पाणी आत ओढून हीट एक्स्चेंजर, ऑइल कूलर, गिअरबॉक्स कूलर आणि आफ्टरकूलर असं सगळीकडे फिरवून शेवटी एक्झॉस्टमध्ये सोडतात. यातला आफ्टरकूलर सगळ्यात डेंजर. टर्बोतून आलेली तापलेली हवा तो थंड करतो, एका बाजूला हवा आणि पातळशा नळीच्या पलीकडे समुद्र. नळीला भोक पडलं की खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये. दर दोनेक वर्षांनी तो काढून, उकलून, साफ करून, प्रेशर टेस्ट करून परत लावायचा असतो. किती जण करतात? फाइलमध्ये बिल शोधा, सापडलं तर मालकाला मनातून नमस्कार करा. तसंच एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वळणाचा पाइप, तो आतून गंजून पातळ होतो, बाहेरून रंग छान असतो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये रेडिंगच्या एका मित्रासाठी इथे जवळच हॅम्बलला बोट बघायला गेलो होतो त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे कसं बघायचं तेही कळेल. 2001 ची, 44 फुटी, दोन सहा सिलिंडरची इंजिनं प्रत्येकी 420 हॉर्सपॉवर, शाफ्टवाली, म्हणजे तळाखालून दांड्यावर पंखा (प्रॉपेलर) असलेली, तास 410. ब्रोकरला आदल्या दिवशी निक्षून सांगितलं होतं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. पोचल्या पोचल्या पहिलं काम, हॅच उचलून दोन्ही ब्लॉकना हात लावला. गार होती, चांगलं लक्षण. कोमट लागली असती तर मी तिथूनच परत फिरलो असतो, कारण गार असताना पहिल्या स्टार्टला इंजिन जे सांगतं ते नंतर सांगत नाही. पांढरा धूर दोन-तीन मिनिटं आला आणि गेला तर ठीक, रेंगाळला तर नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं हळू सुरू ठेवून, ऑइल भरायचं झाकण सैल करून त्या भोकावर उलटं ठेवायचं, थोडं थरथरलं तर चालतं, उडी मारून पडलं तर पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली येतोय.

या बोटीत झाकण शांत होतं, धूर गेला, मित्राच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्याचे मनातल्या मनात पडदे बदलून झाले होते.

मी मात्र दोन्ही इंजिनांमध्ये फरक शोधत होतो. जोडी इंजिनांचा हा फायदा कुणी घेत नाही. एकाच दिवशी बसवलेली, तेवढेच तास, तेच पाणी, तोच मालक, मग दोन्ही सारखीच वागली पाहिजेत. एकटं इंजिन 82 डिग्रीवर चालतंय तर ते चांगलं की वाईट यावर वाद घालता येतो, पण एक 82 वर आणि शेजारचं 90 वर असेल तर वाद संपला, काहीतरी आहे. मी तापमान मोजायची गन घेऊन एकाच जागी डावीकडे, एकाच जागी उजवीकडे असं मोजत जातो आणि वहीत दोन कॉलम करतो.

हॅम्बल नदीत 6 नॉटची मर्यादा आहे, ती पुढं सोलेंटमध्ये, म्हणजे किनारा आणि वाइट बेटाच्या मधल्या समुद्रात, मोकळं पाणी मिळेपर्यंत निमूट पाळली की इंजिनं आपोआप नीट तापतात. टाक्या निम्म्याच्या वर भरून घ्यायला लावल्या होत्या, कारण हजार लिटर डिझेल म्हणजे साडेआठशे किलो, आणि विकणारा कायम रिकाम्या टाकीवर बोट पळवून दाखवतो. बाहेर आल्यावर दोन्ही थ्रॉटल पुढे, पूर्ण, आणि पाच मिनिटं तिथेच. ब्रोकर म्हणाला कशाला एवढं, असं कुणी चालवत नाही. मी म्हटलं याचसाठी आलोय. इंजिनाच्या पाटीवर 2800 आरपीएम लिहिलं होतं, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला तेवढे फेरे झाले पाहिजेत. डावं 2810. उजवं 2590 वर चढलं आणि तिथेच अडकलं, मागे बघितलं तर उजव्या एक्झॉस्टमधून काळा धूर.

तळाला शेवाळ-शिंपले असते किंवा पंखे जड असते तर बहुतेक दोन्ही इंजिनं अडकली असती. एकच अडकलं, म्हणजे त्या एकाला एकतर हवा कमी मिळतेय नाहीतर डिझेलचा घोळ आहे. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा नाही.

परत येऊन हॅचखाली शिरलो. या स्पोर्टी बोटींचं दुखणं तिथं कळतं. वर गादी ऐसपैस, खाली दोन इंजिनांच्या मधे एक माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल. आणि एक गंमत, दोन्ही इंजिनं एकाच साच्यातली असतात, आरशातल्यासारखी उलटी नसतात. आफ्टरकूलर इंजिनाच्या उजव्या अंगाला असेल तर डाव्या इंजिनाचा आफ्टरकूलर मधल्या बोळात येतो, हाताशी, आणि उजव्या इंजिनाचा पार बोटीच्या भिंतीकडे, जिथं ना हात जातो ना डोळा. फाइल उघडली. दोन वर्षांपूर्वीचं बिल होतं, आफ्टरकूलर सर्व्हिस, नग एक. कुठला ते सांगायलाच नको.

काठीला फोन बांधून व्हिडिओ सुरू ठेवून मी तो पलीकडे सरकवला. बाहेर काढून बघितलं तर वरून छान रंगवलेल्या त्या डब्याच्या खालच्या टोकाला हिरवट-पांढरी पपडी, कोलीमच्या बरणीच्या तोंडावर मीठ साचतं ना तशी, आणि तिथून गंजाचा एक ओघळ थेट इंजिनाच्या पायापर्यंत उतरलेला. मित्राला दाखवलं. तो बराच वेळ तोच तीन सेकंदांचा तुकडा पुढे-मागे करत बसला.

दोन्ही इंजिनांच्या आणि दोन्ही गिअरबॉक्सच्या ऑइलचे नमुने लॅबला पाठवले होते, तेही आले. उजव्या इंजिनाच्या ऑइलमध्ये सोडियम डावीकडच्या कितीतरी पट. सोडियम म्हणजे मीठ, म्हणजे समुद्र आत पोचला होता. लोखंडही वाढलेलं. एकट्या रिपोर्टवर मी फार विसंबत नाही, कालच ऑइल बदललं असेल तर तो काहीच बोलत नाही, पण इथेही दोन कॉलम शेजारी ठेवले की दिसतं. आणि या तपासणीचा खर्च म्हणाल तर मरिनात जेवायला बसलात तर त्याहून जास्त जातील.

कुठल्या कंपनीचं इंजिन चांगलं, हाही प्रश्न असतोच. माझं मत विचाराल तर कंपनीपेक्षा बिलांची फाइल बघा, पण थोडं सांगतो. कॅटरपिलर 3208 हा जुना 10.4 लिटरचा व्ही8, सरळसाधा, पण त्यात लायनर, म्हणजे सिलिंडरची बदलता येणारी अस्तरं, नाहीत, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच, म्हणजे झिजला की ब्लॉक बाहेर काढून बोअर करायचा, आणि बाहेर काढायचं म्हणजे कधीकधी डेक कापायचा. कमिन्सच्या 8.3 लिटरवाल्यात लायनर बदलता येतात. मॅनच्या मोठ्या व्ही इंजिनांना प्रत्येक सिलिंडरचं हेड वेगळं, कामाला उत्तम, पार्ट्सची किंमत विचारू नका. व्होल्व्होचं केएडी मालिकेतलं इंजिन असेल तर टर्बोबरोबर सुपरचार्जरही असतो, तो कमी आरपीएमला चालू होतो आणि पुढे सुटतो का ते कान देऊन ऐका. आणि मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या पाठीला बाहेरून लावलेलं पंख्याचं युनिट, असेल तर पाणी आत येऊ न देणारे रबरी बेलो कधी बदलले ते पहिल्यांदा विचारा, तो फाटला की बोट बुडू शकते, इंजिनाची चर्चा मग कशाला.

इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर अधिकृत मेकॅनिकला लॅपटॉप लावायला सांगा. कुठल्या आरपीएमला किती तास गेले ते बऱ्याच इंजिनांत साठवलेलं असतं, काहींत एकूण किती डिझेल जाळलं तेही, आणि मला तासांपेक्षा तो डिझेलचा आकडा आवडतो. एकूण लिटर भागिले एकूण तास केलं की मालक निवांत फिरणारा होता की रोज शर्यत लावणारा ते कळतं. जुन्या इंजिनात फक्त डॅशबोर्डवरचं तासांचं मीटर, आणि ते बदलता येतं, तुटतं, कुणी वायर काढूनही ठेवतं.

अजून एक, बोटीचा सर्व्हे करणारा माणूस बहुतेक वेळा इंजिन तपासत नाही. रिपोर्टमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं आणि लोक चाळीस पानं हातात आली म्हणून समाधानी होतात. इंजिनाला वेगळा माणूस लावा. आणि इथल्या कागदांचं एवढंच, स्मॉल शिप्स रजिस्टर या ब्रिटनच्या छोट्या बोटींच्या नोंदणीत नाव असणं हा मालकीचा पुरावा नाही, विक्रीच्या पावत्यांची साखळी आणि व्हॅट भरल्याचा कागद मागा.

ठाण्याच्या साहेबांनी विचारलं होतं की इथून घेऊन मुंबईला नेली तर? गेटवेहून मांडव्याला शनिवार-रविवारी जायला म्हणून. अहो, सोलेंटचं पाणी मार्चमध्ये आठ-नऊ डिग्री, त्यात अर्धा बुजलेला कूलरसुद्धा पास होतो. मुंबईचं पाणी मे महिन्यात तीसच्या आसपास, वरून गाळ, आणि मग चार महिने पावसाळा, बोट वर. तिथल्यासाठी घेत असाल तर सगळे कूलर आधी काढून साफ करूनच न्या, त्याचे पैसे बोटीच्या किमतीतच धरा. डिझेलचंही धरा. वर सांगितलेली 840 हॉर्सपॉवरची जोडी फुल थ्रॉटलला तासाला साधारण 160 लिटर पिते, आरामात चालवली तरी शंभराच्या वर. वाइट बेटाला एक चक्कर म्हणजे अडीच तास आणि पावणेतीनशे लिटर.

मित्रानं ती बोट सोडली. दहा टक्के अनामत परत मिळाली, कारण करारात सर्व्हे आणि सी ट्रायलची, म्हणजे पाण्यात चालवून बघण्याची, अट होती. उन्हाळ्यात त्यानं दुसरी घेतली, तीन फूट लहान, 1450 तास झालेली, गाद्यांवर कुणीतरी रेड वाइन सांडलेली, पण वर्षागणिक बिलं लावलेली आणि पूर्ण थ्रॉटलला दोन्ही इंजिनांत फक्त वीस आरपीएमचा फरक. बायको अजून त्या डागावरून बोलते म्हणे.

पहिलीची जाहिरात परवा पुन्हा दिसली. तेच फोटो, किंमत जरा उतरवलेली, ‘अत्यंत कमी वापर’ असं ठळक अक्षरात. तास 412. वरचे दोन आमचे.