उजनीत एकट्याने शीड: कुगावच्या काठावरून

सोलापुरात शिडाची होडी बाळगतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "चालवता कुठं, कंबर तलावात?" नाही हो, उजनीत. पुण्याकडची धरणं भरून भीमेला पाणी सुटलं आणि पश्चिमेचा वारा लागला की यशवंतसागर, म्हणजे उजनीचा जलाशय, तळं वाटत नाही.

ऑगस्टात लेझर घेऊन गेलो. एका माणसाची होडी, वजन ६० किलोच्या आत, शीड ७ चौरस मीटर. टेंभुर्णीवरून जेऊरचा रस्ता, कंदरच्या केळीच्या बागा, मग कुगाव. हा काठ मुद्दाम निवडला. वारा पलीकडच्या कळाशीच्या बाजूने येतो. काही तुटलंच तर होडी वाहत आपल्याच काठाला लागते. जाताना मात्र वाऱ्याला तिरकं कापत नागमोडी जायचं, आणि तोंडावर पाण्याचे सपकारे खायचे.

दक्षिण महासागरात चाळीस अक्षांशाखाली लाटेला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, म्हणून ती उंच तशी लांबही असते. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने त्या पाण्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. उजनीची लाट जेमतेम दोन-अडीच फुटी, पण आखूड आणि उभी. नाळ (होडीचं पुढचं टोक) वर येते न येते तोच दुसरी आदळते. (त्यांच्या लाटेशी बरोबरी नव्हे, स्वभाव सांगतोय.)

म्हणून शीड काठावरच कमी करा. डोलकाठीभोवती एक-दोन वेढे गुंडाळले की झालं; पाण्यात गेल्यावर ते एकट्याचं काम नाही. शिडाची दोरी कुठं अडकवू नका, मुठीतच ठेवा. उलटलात तर पोहत काठाकडे निघू नका. दोरी मोकळी करा, नाळ वाऱ्याकडे वळवा, तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभे राहून अंग मागं टाका. शीड पाण्यातून सुटायला वेळ लागतो, घाई करू नका.

जाळ्यांचे तरंगते डबे लाटांत दिसत नाहीत. फळी अडकली तर ती वर उचला, जाळं सुटतं. जाळं कापाल तर पुढच्याला काठावर कोणी उभं करणार नाही. निघताना एक मासेमार मामा एवढंच म्हणाले, "मालक, काळ्या ढगाखाली जाऊ नगा."

मे महिन्यात तर नकोच. २०२४ च्या मे महिन्यात याच कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. वळीव कल्पना देऊन येत नाही. पट्टीचे पोहणारे असलात तरी लाइफ जॅकेट अंगातून काढू नका.

जलसंपदा खात्याची परवानगी आधी काढा. आणि परतताना फळी व सुकाणू वेळेत वर घ्या, काठाशी बुडालेल्या बांधांचे दगड आहेत.