तंबाखू? नाय गो!

"तंबाखू? नाय गो बाय! ता आमचे बापये खातत. मी आपली सकाळची मशेरी लावतंय, तितकीच."

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत आज तपासणी शिबिर होतं. मी फॉर्म भरायला. काकींचं बीपी १६८/१०० आलेलं आणि तंबाखूच्या रकान्यात 'नाही'वर माझं पेन टेकलेलं.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच की! हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, ठोके वाढतात, बीपी चढतं. पण धूर नाही, टपरीवर उभं राहणं नाही, म्हणून ती व्यसनात धरतच नाहीत.

मग विचारत गेले. पावसाळाभर पेजेबरोबर खारा बांगडा नाहीतर सुकट. (मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.) शुगर कधी तपासलेलीच नाही. भाऊ पन्नाशीच्या आतच अटॅकने गेला. तरी वर, "माका काय होतला? मी बघ कशी बारीक!"

बारीक असण्यावर आपला केवढा विश्वास! शिवाय बाईला अटॅक येतो तेव्हा छातीत कळ येईलच असं नाही. कधी नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा दुखतो. घरचे म्हणतात, पित्त असेल, सोलकढी घे.

नंतरच्या बायकांना मी थेट मशेरीबद्दलच विचारलं. बऱ्याच जणी पदर तोंडाला लावून हसत "हो" म्हणाल्या.

तुमच्याकडे आई-आजीला असं कुणी विचारलंय कधी?