कोर्स कुठला?

आपल्याकडे दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की गाव कुठलं, आडनाव काय, असं करत करत पाच मिनिटांत कुठलातरी साडू नाहीतर चुलत आत्या निघतेच. फौजेत हे सगळं एका प्रश्नात उरकतं. कोर्स कुठला? लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला, आणि तेव्हा सांगलीत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यामुळे मला खरंच वाटलं की नवऱ्याने कसलातरी डिप्लोमा केलाय आणि बायोडाटात लिहायचा राहिलाय.

तर तसं नसतं. खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, दर सहा महिन्यांनी नवी पोरं येतात, तीन वर्षं, सहा टर्म काढतात, आणि प्रत्येक लॉटला एक नंबर असतो, तोच कोर्स. दोन ऑफिसर भेटले की नंबर विचारतात, ज्याचा नंबर लहान तो सीनियर, दुसरा आपोआप 'सर' म्हणायला लागतो आणि खुर्ची पुढे करतो. आणि नंबर सारखा निघाला तर मात्र जे काही होतं ते बघण्यासारखं असतं, पन्नाशीची, बीपीच्या गोळ्या खाणारी दोन माणसं एअरपोर्टवर एकमेकांच्या पाठीत असे रट्टे घालतात की सिक्युरिटीवाले वळून बघतात.

नवऱ्याचा कोर्स 1985 च्या जानेवारीत आत गेला आणि 87 च्या डिसेंबरात बाहेर पडला. नंबर सांगत नाही, नाहीतर हा लेख दुपारपर्यंत त्यांच्या ग्रुपवर पोचेल आणि संध्याकाळी मला खुलासे द्यावे लागतील. सतरा वर्षांची पोरं होती ती, हा साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून गेलेला म्हणून त्याला वाटलं होतं आपल्याला सगळं माहितीये, पहिल्या संध्याकाळीच कळलं की काही माहिती नाहीये. फ्रंट रोल म्हणजे कोलांट्या, बजरी ऑर्डर म्हणजे पाठीवरच्या पिशवीत खडी भरून पळणं, खांद्यावर सायकल घेऊन पळणं, रविवारी शिक्षा म्हणून सिंहगड. सिंहगड! आम्ही ज्या गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जातो तो गड यांच्या आठवणीत शिक्षेच्या खात्यात जमा आहे. अजूनही वर गेलो की बाकीचे भजी मागवतात आणि हा घड्याळ बघतो.

आपला अॅकॅडमी नंबर, म्हणजे एनडीएत प्रत्येक कॅडेटला मिळतो तो स्वतःचा नंबर, त्याला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. आमच्या लग्नाची तारीख मात्र 'मे महिन्यात कधीतरी'. एटीएमचा पिन काय असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल, आता बदललाय.

मला आधी वाटायचं ही मंडळी भेटली की लढाया, शौर्य, देश वगैरे बोलत असतील. तीस वर्षांत मी हे क्वचितच ऐकलंय. बोलतात ते कोण मेसमध्ये किती अंडी खायचा, कोण ड्रिलच्या तासाला उलटा वळला आणि त्याच्यामुळे अख्खी स्क्वॉड्रन, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कॅडेटांचा गट, कशी लोळली, पीकॉक बेमध्ये कुणाची होडी उलटली. अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी इंग्रजी बाराखडी लावलेल्या स्क्वॉड्रन आहेत, त्यात एच म्हणजे हंटर आणि पी म्हणजे पँथर, आणि कुठली स्क्वॉड्रन भारी यावर अजून भांडण होतं, नातवंडं मांडीवर घेऊन. किस्से तेच, वाक्यंसुद्धा तीच, आम्ही बायका आता कुठे हसायचं ते पाठ करून बसलोय. पाहुणे आले आणि गाडी खडकवासल्याच्या रस्त्याला लागली की सुदान ब्लॉकची गोष्ट ठरलेली. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांची आठवण म्हणून तिथल्या सरकारने पैसे दिले, फाळणीनंतर त्यातले 70,000 पाउंड भारताच्या वाट्याला आले आणि त्यातून ती घुमटाची इमारत झाली. माझ्या माहेरच्या प्रत्येक माणसाने हे निदान दोनदा ऐकलंय, माझ्या मावशीने चारदा.

पण एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. हे मित्र एकमेकांचे स्पर्धकही असतात, आणि तेही साधेसुधे नाही. लेफ्टनंट कर्नलपर्यंत माणूस वर्षांच्या हिशेबाने पोचतो, पुढे कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल हे सगळं बोर्डावर, म्हणजे प्रमोशनच्या निवड समितीवर. आणि बोर्ड बसतो तो बॅचचा. म्हणजे ज्याच्याबरोबर एका डब्यातले लाडू खाल्ले त्याच्याशीच तुमची तुलना, जागा थोड्या, वर जावं तसा डोंगर निमुळता. रिझल्टच्या दिवशी कॅन्टोन्मेंटमधल्या घरांत एक विचित्र शांतता असते. फोन कुणी करत नाही, कारण ज्याला करायचा त्याचं झालंय की राहिलंय हे आधी कळायला हवं. आमचं कर्नलचं झालं, ब्रिगेडियरचं नाही झालं. त्या रात्री नवऱ्याचा जो सगळ्यात जवळचा, ज्याचं झालं होतं, त्याचा फोन आलाच नाही. मी मनातून चिडले. सकाळी बघते तर दारात उभा, रात्रभर ड्रायव्हिंग करून आलेला, आणि आल्या आल्या म्हणाला, 'भाभी, पराठे मिलेंगे?' बोर्डाबद्दल दोघं एक शब्द बोलले नाहीत. पराठे मात्र नऊ खाल्ले, मी मोजले. आणि मी सांगलीची बाई, माझे पराठे कसे असतात ते मलाच माहिती.

तोच पुढे मेजर जनरल झाला आणि आमच्याच स्टेशनवर व्हिजिटला आला. दोन स्टारची गाडी, एडीसी, ड्रायव्हर, सगळा लवाजमा. नवऱ्याने बाहेर कडक सॅल्यूट ठोकला, 'गुड इव्हनिंग सर', त्यानेही गंभीरपणे घेतला. दार बंद झालं आणि आतून जी शिवी ऐकू आली ती मी इथे लिहू शकत नाही, कुणी कुणाला दिली तेही नीट कळलं नाही, बहुतेक एकाच वेळी.

आपले नरवणे लष्करप्रमुख झाले तेव्हा नौदलाचे करमबीर सिंग आणि हवाई दलाचे भदौरिया हे तिघंही एकाच, 56 व्या कोर्सचे होते. 1991 मध्येही एकदा असं झालेलं, रॉड्रिग्ज, रामदास आणि सुरी. पेपरमध्ये याचं कौतुक आलं की नवरा ते आवर्जून वाचून दाखवतो. माझ्या डोक्यात भलताच विचार येतो, की त्या कोर्सच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला सूर्योदयाच्या फोटोवर गुड मॉर्निंग टाकणारा जो कोणी असेल त्याला 'बास कर' असं सांगायची या तीन चीफपैकी कुणाची तरी हिंमत झाली असेल का? आमच्या ग्रुपवर तर कुणाचीच होत नाही.

2009 ची गोष्ट. नवरा ईशान्येकडे पोस्टिंगवर, मी पुण्यात, आणि साताऱ्याहून आणलेल्या सासऱ्यांना रात्री दोनला छातीत दुखायला लागलं. नवऱ्याला फोन लागला, तिकडून तो काय करणार, म्हणाला थांब दहा मिनिटं. पंधराव्या मिनिटाला बेल वाजली. हाफ पँट, उलटा घातलेला टी-शर्ट, पायात दोन वेगळ्या चपला, असा एक सरदारजी. मी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. 'भाभी, कोर्समेट हूँ', एवढंच बोलला आणि सासऱ्यांना उचलून गाडीत ठेवलं. पुढचे तीन दिवस तो आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर. सासऱ्यांना हिंदी बेताचं, त्याला मराठी शून्य, तरी दोघं तासन् तास कशावर बोलत होते देव जाणे, बहुतेक उसावर. सासरे घरी आल्यावर मी नवऱ्याला विचारलं, एवढा जवळचा मित्र, कधी नाव कसं नाही काढलंस? तर म्हणाला, 'जवळचा कसला, तो दुसऱ्या स्क्वॉड्रनचा. फर्स्ट टर्मला नोव्हिसेस बॉक्सिंगमध्ये त्याने माझं नाक फोडलं होतं, नंतर तीन वर्षांत आम्ही फारसं बोललोच नाही.'

यावर काय बोलायचं!

कोर्समधले सगळेच फोन उचलायला राहिलेत असं नाही. एक जण काश्मीरमध्ये गेला, त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. त्याची बायको आजही ग्रुपवर आहे, आणि तिला कुणी 'बिचारी'च्या सुरात बोलत नाहीत, गेट-टुगेदरच्या वर्गणीसाठी तिच्याही मागे तसंच लागतात. मागच्या वर्षी त्या मुलीचं लग्न झालं. मांडवात भटजींनी विचारलं, मुलीचे मामा कुठायत? तिला सख्खा मामा नाही. तर ब्लेझर घातलेले अकरा जण एकदम पुढे आले. भटजी गोंधळले, म्हणाले अहो मामा एकच लागतो. त्यावर एक जण म्हणाला, पंडितजी, आम्ही एकच आहोत. हा डायलॉग त्याने आधी ठरवून ठेवला होता असा मला संशय आहे, पण माझ्या डोळ्यात पाणी आलं ते आलंच.

यंदा फेब्रुवारीत आत जाऊन 40 वर्षं झाली म्हणून सगळे पुन्हा खडकवासल्याला जमले, बायकांसकट. सुरुवात हट ऑफ रिमेंब्रन्सला, म्हणजे शहीद झालेल्या माजी कॅडेटांच्या स्मारकाला, तिथे कोण काही बोललं नाही आणि मीही लिहीत नाही. मग आपापल्या स्क्वॉड्रनमध्ये. नवऱ्याला त्याची जुनी केबिन बघायची होती, तिथे आता राहणारा पोरगा फर्स्ट टर्मचा, इतका ताठ उभा की श्वास घेतोय की नाही कळेना. 'कोर्स?' नवऱ्याने विचारलं. पोराने ओरडून नंबर सांगितला. नवरा बोटांवर मोजत बसला, मधे ऐंशी कोर्सचं अंतर. ऐंशी! मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, 'रात को भूख लगती है?' पोरगा गप्प. मी पर्समधून चिवड्याचं पाकीट काढलं तसं त्याचे डोळे हलले, मान नाही हलली. बाहेर सायकलींवरून मुलींचा एक स्क्वॉड गेला, 2022 पासून मुलीही आत आहेत, तर आमचे हे सगळे टकले रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्या मुलींनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

रात्री जेवणं उरकून निघालो तर ग्रुपवर हुकूम, घरी पोचल्यावर प्रत्येकाने अॅकॅडमी नंबर टाकून रिपोर्ट करायचा. कोथरूडला गाडी लावून नवऱ्याने आधी नंबर टाकला, मग कुलूप उघडलं. साडेअकरापर्यंत सगळे आले, एक सोडून. नाक फोडणारा सरदारजी. फोन उचलेना. बारा वाजले, कुणी झोपायला तयार नाही, एक जण गाडी काढून त्याच्या घराकडे निघाला, मीही दिवा लावून बसले. सव्वाबाराला त्याचा नंबर आला, महाराज घरी येऊन सरळ झोपले होते. मेजर जनरल, रिटायर्ड, यांनी तिथल्या तिथे शिक्षा सुनावली, दहा फ्रंट रोल.

दोन्ही गुडघे बदललेला माणूस तो. पाच मिनिटांनी व्हिडिओ आला, गादीवर आडवा पडून या कुशीवरून त्या कुशीवर लोळतोय, आणि मोबाइल धरलेली त्याची बायको वैतागलेल्या आवाजात आकडे मोजतेय. सातवर थांबला. खाली लगेच मेसेज पडला, तीन बाकी आहेत.