बोअरमध्ये पाऊस सोडायला गेले आणि मोटरनं वाळू ओकली

सुरुवात लेकीच्या प्रोजेक्टपासून झाली. पाचवीत होती तेव्हा, जलचक्राचा चार्ट करायचा होता, मग नेहमीचंच, डाव्या कोपऱ्यात समुद्र, वर हसरा सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि सगळीकडं निळे बाण. बाजूला सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "हे सगळं खरंय, पण ह्यात आपलं बोअर कुठंय गं?"

लेक माझ्याकडं बघायला लागली आणि मी चार्टकडं.

आम्ही लातूरचे, त्यामुळं हा प्रश्न आमच्याकडं पडणारच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही जगलोय, पहिल्या गाडीला १० वॅगन म्हणजे साधारण ५ लाख लिटर, पुढं ५० वॅगनची गाडी यायला लागली, आणि त्याच्या आधी पाण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लागलेलं. कृष्णेचं पाणी रुळावरून आमच्या मांजरा नदीच्या खोऱ्यात, असा बाण कुठल्याच चार्टवर नसतो. आमच्या अंगणातल्या बोअरला घर बांधलं तेव्हा अडीचशे फुटांवर पाणी लागलं होतं, त्या उन्हाळ्यात ते आणखी खोल नेलं तर सहाशेपर्यंत नुसता फुफाटा उडाला, पैसे गेले ते गेलेच.

तर मग चार्टच्या निमित्तानं मी जरा वाचायला बसले. आपल्याकडं बोअर मारणारे सांगतात ना, खालून झरा चाललाय, नदीच आहे, तसं काही नसतं. आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा खडक आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो वाळूसारखा पाणी पीत नाही. जुनी बिनबांधलेली विहीर वाकून बघितली असेल तर लक्षात येईल, वर माती, मग मुरूम, मग खडक, आणि पाणी पाझरतं ते मुरमातून नाहीतर खडकाच्या भेगांतून. म्हणजे जागा मुळातच थोडी, त्यात आपण ती ३६५ दिवस उपसतो, आणि भरायचं काम फक्त पावसाळ्यातले काही दिवस, तेसुद्धा आपण अंगणाला फरशी बसवून बंद केलेलं! आमच्या गच्चीवरचं पाणी पाइपानं सरळ गटारात, तिथून नाल्यात, मांजरा नदीत, बिदरवरून तेलंगणात गोदावरीला आणि मग बंगालच्या उपसागरात. चार्टवरचा बाण बरोबरच होता, फक्त तो आमच्या गच्चीवरून फारच घाईनं निघत होता.

मग हिशोब केला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर, हे मला चाळिशीत कळलं. आमचा स्लॅब ९०० चौरस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस मी जपून ७०० मिलिमीटर धरला, त्यातलं वीसेक टक्के उडून-सांडून जाणार असं धरलं तरी ४७ हजार लिटर, पाच हजारवाले नऊ टँकर! ज्या टँकरसाठी आम्ही रात्री दीड वाजता फोन करत होतो.

हे पाणी बोअरमध्येच सोडायचं ठरवलं आणि एका प्लंबरला बोलावलं. त्यानं बोअरच्या केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपाभोवती, चार बाय चार फुटांचा, सहा फूट खोल खड्डा घेतला, खड्ड्यात येणाऱ्या केसिंगला ड्रिलनं भोकं पाडली, वरून काथ्या गुंडाळला, गच्चीचे दोन्ही पाइप एल्बो लावून खड्ड्यात सोडले. इथपर्यंत सगळं छान. पण भरताना त्यानं खाली वाळू टाकली आणि वर दगड. मी म्हणलं, दादा उलटं नाही का हे, आणि मध्ये जाळी? तर म्हणे, "वहिनी, पाणी जाण्याशी मतलब." मलाही वाटलं असेल बुवा, रोजचं काम आहे त्याचं.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी छत्री घेऊन खड्ड्यापाशी उभी, गटगट आवाज करत पाणी आत चाललेलं, इतका आनंद झाला की व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मोटर चालू केली तर नळाला दुधाच्या चहासारखं पाणी, वास कबुतराच्या विष्ठेचा, आणि बादलीच्या तळाशी बोटभर वाळू. वॉशिंग मशीनची जाळी चोक, मोटर खरखर करायला लागलेली. झालं होतं असं, की भोकांना लागूनच वाळू, काथ्या ढिला, पाण्याच्या जोरानं वाळू थेट बोअरमध्ये. आणि गच्ची मी झाडलीच नव्हती, शेजारच्या लिंबाचा पाला आणि वर्षभराची धूळ, सगळं आत. नवरा काही बोलला नाही, फक्त तो व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला.

कॉम्प्रेसर लावून बोअर फ्लश करून घ्यावं लागलं, त्याचे पैसे खड्ड्याच्या खर्चाहून जास्त गेले. मग दुसरा माणूस लावून सगळं उपसलं आणि ह्या वेळी मी स्वतः खुर्ची टाकून बसले. केसिंगला आधी बारीक नायलॉनची जाळी दोन फेरे, त्यावर काथ्या घट्ट. खाली मोठे गोटे, मग मोठी खडी, मग बारीक खडी, त्यावर जाळी आणि सगळ्यात वर धुतलेली जाड वाळू. वाळू वर असली की गाळ तिथंच अडकतो आणि वरचा थर फावड्यानं काढून धुता येतो, हे कळल्यावर वाटलं, एवढं साधं होतं! पाइपाला खड्ड्याआधी एक टी आणि कॉक टाकला, पहिले दोन पाऊस कॉक उघडा ठेवायचा, गच्ची धुऊन सगळं बाहेर, नंतर बंद. मोरीचं, कपड्याचं पाणी ह्यात चुकूनही सोडायचं नाही. आणि हे पाणी आम्ही वापरायला घेतो, प्यायला नाही.

ह्या सगळ्यात घरातल्या नळांकडंही लक्ष गेलं. फ्लशच्या टाकीत रात्री हळद टाकून ठेवली, सकाळी बघते तर भांड्यात पिवळी रेघ, म्हणजे रात्रभर गळत होतं, आवाज न करता. साठ रुपयांचं वॉशर. आरओखाली बादली ठेवली, एक घागर भरेपर्यंत दोन बादल्या वाया चाललेल्या, त्या आता फरशी पुसायला आणि संडासात जातात, तुळशीला घालत नाही कारण खारं असतं.

फरक पडला का, तर पूर्वी मार्चमध्ये मोटर दहा मिनिटांत हवा ओढायची, आता वीस-पंचवीस मिनिटं चालते. पण खड्डा झाल्यावरची दोन वर्षं पाऊसही बरा झाला, त्यामुळं सगळं श्रेय मी खड्ड्याला देणार नाही.

शेजारचे काका पहिल्या वर्षी हसत म्हणाले होते, "तुम्ही भरा, आम्ही उपसतो." चिडण्यासारखं काही नव्हतं, त्यांचं बोअर माझ्या बोअरपासून चाळीस फुटांवर आणि माझ्यापेक्षा शंभर फूट खोल, खडकातली भेग काय कुणाचं कंपाउंड बघून थांबते का. मागच्या पावसाळ्यात तेच विचारत आले, माझ्या गच्चीचा पाइप तुमच्या खड्ड्यात सोडू का. सोडला. दोन गच्च्यांचं पाणी त्या खड्ड्याला पेलेना, सप्टेंबरात अंगण तुंबलं. आता दुसरा खड्डा घ्यायचा ठरलंय, पण कुठं ह्यावर गाडी अडलीय, त्यांच्याकडं त्या जागी कार उभी असते आणि माझ्याकडं सासूबाईंची कर्दळ.