तुम्ही विचारलंत म्हणून: आता या वयात मॅनेजमेंट शिकून काय करणार?

"इतकी वर्षं माणसं सांभाळलीत, आता वर्गात बसून तुम्हाला कोण काय शिकवणार?" हे मला घरचे, ऑफिसातले, सगळेच विचारतात. १८ वर्षं नोकरी झाल्यावर मी युनिव्हर्सिटीत ऑर्गनायझेशनल मॅनेजमेंटला अॅडमिशन घेतली, नोकरीही चालूच आहे, त्यामुळे विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही.

खरं सांगू, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. मॅनेजमेंटचे नियम मांडणाऱ्या हेन्री फेयॉल या फ्रेंच इंजिनिअरने १९१६ मध्येच लिहून ठेवलंय की एका माणसाला एकच साहेब असावा, ते ऐकून मला हसू आलं, कारण दोन साहेबांच्या कात्रीत मी चार वर्षं काढलीयत, मला हे पुस्तकातून कशाला कळायला हवं. मग पहिली असाइनमेंट परत आली. मी ऐटीत लिहिलं होतं, "माझ्या अनुभवाप्रमाणे लोकांना फक्त पगाराशी मतलब असतो", आणि मार्जिनमध्ये सरांचा एकच शब्द: पुरावा? असला राग आला! माझी १८ वर्षं पुरावा नाही? नाहीच ना. एका बाईने स्वतःच्या खुर्चीवरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं, एवढंच ते. हे पचायला मला अख्खं सेमिस्टर लागलं.

पण खरा दणका बसला तो स्टीव्हन केर या अमेरिकन मॅनेजमेंट अभ्यासकाच्या १९७५ च्या एका लेखाने. मुद्दा साधाच, आपण बक्षीस एका गोष्टीला देतो आणि अपेक्षा भलत्याच गोष्टीची करतो. मी काय करायचे, तर कोणी दिवसाला किती तक्रारी बंद केल्या यावरून टीमचं रेटिंग ठरवायचे, आणि लोक प्रश्न न सोडवताच तक्रार बंद करतात म्हणून मीच ओरडायचे, वर आळशी म्हणायचे त्यांना. आळशी कसले हो, मी जे मोजत होते तेच ती बिचारी चोख करत होती.

अर्थात पुस्तकातलंही सगळं डोळे मिटून घ्यायचं नाही बरं का. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून झालेले उजेडाचे प्रयोग प्रसिद्ध आहेत, दिवे वाढवले तरी काम वाढलं, कमी केले तरी वाढलं म्हणे, आणि पुढे जुने आकडे शोधून परत तपासले तर परिणाम सांगतात तेवढा ठळक निघालाच नाही. वर्गातल्या विशीतल्या मुलांनी ते निमूट लिहून घेतलं, आम्ही तीन-चार नोकरीवाले मात्र एकमेकांकडे बघून हसलो, आकडे वरच्या साहेबांकडे जाताना कसे गुटगुटीत होतात ते आम्ही रोज बघतो.

वेळेचं मात्र विचारू नका, रविवार गेलाच.

आणि हो, ते रेटिंग मी बदललं. आता पुन्हा उघडाव्या लागलेल्या तक्रारीही मोजतो. तर लोकांनी अवघड तक्रारी एकमेकांच्या गळ्यात मारायला सुरुवात केलीय, या सेमिस्टरचा माझा प्रोजेक्ट त्याच्यावरच आहे.