पाकळ्यांच्या मागची फेरी

फुलाचा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधोमध फूल असलेला क्रोशाचा चौकोन, विणायला घेतला तेव्हा वाटलं होतं, सगळा वेळ फुलातच जाईल. फूल दुसऱ्या दिवशीच जमलं. अडले ती त्याच्याभोवती चौकोन उभा करताना, आणि तिथे तीन आठवडे गेले. आता सोळा चौकोन तयार आहेत, हाताला सवय झाली आहे, म्हणून कुठे काय चुकत गेलं ते लिहून ठेवते आहे.

साधा ग्रॅनी स्क्वेअर मला येत होता. तीन खांबांचा (उंच टाक्यांचा) एक गट, चार कोपऱ्यांवर दोन-दोन गट आणि मध्ये साखळी, म्हणजे एकातून एक ओढलेले फासे. फेरी वाढत जाते तसा चौकोन वाढत जातो. क्रोशातल्या सर्वांत जुन्या आणि सोप्या नमुन्यांपैकी हा एक, आणि मला तो मनापासून आवडतो, कारण थोड्याशा उरलेल्या लोकरीलाही त्यात जागा मिळते. फुलाच्या चौकोनात मात्र सुरुवात गोल असते आणि शेवट चौकोनी. गोलाचा चौकोन नेमका कोणत्या फेरीत होतो, हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं.

पहिली चूक तर सुई हातात धरण्याआधीच झाली होती. समोरचा नमुना अमेरिकी पद्धतीने लिहिलेला होता आणि मी शब्द शिकले होते ब्रिटिश पद्धतीचे. दोन्हीकडे ‘डबल क्रोशे’ हा शब्द आहे, पण अर्थ वेगळा. अमेरिकी डबल म्हणजे आपला खांब: सुईवर एक वेढा घ्यायचा, टाक्यातून दोरा ओढायचा, तीन फासे होतात, मग दोन-दोन करत दोनदा सोडवायचे. ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब, ज्यात आधी वेढा नसतो आणि दोन्ही फासे एकदमच सुटतात. मी पूर्ण फूल मुक्या खांबांनी विणलं. ते बटणाएवढं, घट्ट आणि जाड झालं. दोष हाताचा आहे असं समजून मी आणखी मोठी सुई घेतली, तरी तेच. शेवटी नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला तेव्हा उलगडा झाला. ब्रिटिश पद्धतीत सिंगल नावाचा टाका सहसा येतच नाही, त्यामुळे तो शब्द दिसला की नमुना अमेरिकी समजायचा. आकृती दिलेली असेल तर आणखी बरं, कारण आकृतीतली चिन्हं दोन्हीकडे सारखीच असतात: लंबगोल म्हणजे साखळी, अधिकचं किंवा फुलीचं चिन्ह म्हणजे मुका खांब, नुसता ‘टी’ म्हणजे अर्धा खांब (उंचीने मुका आणि पूर्ण यांच्या मधला) आणि ‘टी’वर एक तिरकी रेघ म्हणजे खांब. मी आता शब्द वाचतच नाही, आकृती बघते.

मग मावशीला फोन केला. तिचा हात लहानपणापासून क्रोशावर बसलेला. मी म्हटलं, “मावशी, फूल छान झालंय, पण चौकोन लांबट होतोय गं.” तिने पहिला प्रश्न विचारला, “पाकळ्या किती आहेत?” मी म्हटलं, सहा. “मग कसा होईल चौकोन? सहाला चाराने भाग जातो का? आधी पाकळ्या मोज, मग सुई धर.”

ते वाक्य ऐकलं आणि मी माझं फूल उलटं करून बघितलं. सहा पाकळ्यांच्या मागे साखळीच्या सहा कमानी होत्या, चौकोन त्यांच्यावरच उभा राहतो. चौकोनाला कोपरे चार. मी पहिल्या कमानीत कोपरा केला, दुसरी सरळ ठेवली, तिसरीत कोपरा, चौथीत कोपरा, पाचवी सरळ, सहावीत कोपरा. म्हणजे दोन बाजूंना मध्ये एक जास्तीचा गट आला आणि उरलेल्या दोन बाजूंना कोपऱ्याला कोपरा चिकटला. दोन बाजू नऊ-नऊ खांबांच्या, दोन सहा-सहा खांबांच्या. आयत झाला होता तो, आणि पुढच्या कितीही फेऱ्या घातल्या तरी तो आयतच राहिला असता. मी मात्र ते सगळं ताणून, दाबून सरळ करायला बघत होते.

आठ पाकळ्या घेतल्या की हा प्रश्नच राहत नाही. एका कमानीत कोपरा, पुढची सरळ, पुन्हा कोपरा, पुन्हा सरळ. माझा जो नमुना शेवटी पक्का झाला तो असा. पिवळ्या लोकरीने मॅजिक रिंग (टोक ओढून मिटणारा दोऱ्याचा वेढा) करून त्यात १६ खांब घालायचे, सुरुवातीच्या तीन साखळ्या हा पहिला खांब धरून. मग गुलाबी लोकर जोडून एक मुका खांब, तीन साखळ्या, एक टाका सोडून पुन्हा मुका खांब, असं सगळीकडे. आठ कमानी होतात. तिसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीत एक पाकळी: एक मुका, एक अर्धा, तीन पूर्ण, एक अर्धा, एक मुका. टाक्यांची उंची चढते आणि उतरते, म्हणून पाकळीला आपोआप गोलाई येते. ही फेरी विणताना फार आनंद होतो. एकेक पाकळी सुईखालून उमलत जाते आणि दर वेळी मी थांबून बघते.

(सहा पाकळ्यांचं फूलच हवं असेल तरी मार्ग आहे. मागच्या कमानी पाकळ्यांना बांधील नसतात. मधल्या गोलात १२ खांब असतील तर दर तिसऱ्या खांबाला मागून अडकवून चार कमानी करायच्या. पाकळ्या पुढून सहा, पाया मागून चार. हे मी नंतर करून बघितलं, नीट होतं.)

आता ती चौथी फेरी. फूल पुढून बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. हिरवी लोकर घ्यायची, फूल पालथं करायचं. पाकळ्या डाव्या अंगठ्याने पुढे दाबून धरायच्या, म्हणजे दोन पाकळ्यांच्या मध्ये, खोल, दुसऱ्या फेरीतला मुका खांब दिसतो. मागून तो दोन छोट्या पायांसारखा दिसतो, तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा. सुई त्याच्या एका बाजूने आत घालून, खांबाला मागून वळसा देऊन, दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची आणि तिथे मुका खांब घालायचा. मग साखळ्या, मग पुढच्या फटीतला खांब. सुरुवातीला मी चुकून पाकळीच्याच टाक्यात सुई घालत होते. पुढून बघितलं तर पाकळीच्या कडेला हिरवा ठिपका यायचा आणि पाकळी मागे ओढली जायची. नीट जमलं की पाकळ्या मोकळ्या सुटून वर उभ्या राहतात, त्यांच्याखाली बोट सरकवता येतं.

या फेरीत साखळ्या किती घालायच्या, त्यावर पुढचं सगळं ठरतं. पुढून दिसणाऱ्या दुसऱ्या फेरीत तीन होत्या म्हणून मी मागेही तीनच घातल्या. पाचवी फेरी पुरी होईपर्यंत चौकोनाची वाटी झाली. टेबलावर ठेवला की डुलायचा. कारण सरळ आहे. मधल्या गोलापासून जितकं बाहेर जावं तितका परीघ वाढतो, मग टाकेही वाढायला हवेत. कमी पडले तर कड आत ओढली जाते आणि वाटी होते, जास्त झाले तर कडेला झालर येते. सपाट गोल विणताना खांबांच्या प्रत्येक फेरीत साधारण १२ आणि मुक्या खांबांच्या फेरीत साधारण ६ टाके वाढवतात, ते याचसाठी. मी फूल तसंच ठेवून फक्त हिरवं उसवलं आणि तीनच्या जागी चार साखळ्या घातल्या. चौकोन सपाट बसला. एकेका साखळीचा फरक, कमानी आठ. एकूण आठ साखळ्यांनी वाटीचा चौकोन झाला.

त्यापुढे काम ओळखीचं. पाचव्या फेरीत एका कमानीत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, हा कोपरा. पुढच्या कमानीत नुसते तीन खांब. फेरी संपल्यावर मोजायचे: ३६. सहाव्या फेरीत गटांमधल्या फटींत तीन-तीन खांब आणि कोपऱ्यात पुन्हा कोपरा: ४८. सातवीत ६०. दर फेरीला बारा वाढतात, प्रत्येक बाजूला एक गट. हे आकडे मी कागदावर लिहून समोर ठेवले आहेत. ६० च्या जागी ५७ भरले तर एक फट सुटली आहे हे तिथल्या तिथे कळतं आणि फारसं उसवावं लागत नाही. माझी फट बहुतेक वेळा फेरीच्या शेवटी सुटायची. पहिला गट तीन साखळ्यांनी सुरू होतो, त्या खांबासारख्या दिसत नाहीत आणि त्यांच्याजवळची फट डोळ्याला जाणवत नाही. मी तिथे सेफ्टी पिन अडकवून ठेवते. चार मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची लोकर घेऊन माझ्या हाताने सात फेऱ्यांचा चौकोन साधारण १० सेंटीमीटरचा होतो.

मॅजिक रिंगबद्दल एक सांगायलाच हवं. बोटाभोवती दोऱ्याचा वेढा घेऊन त्यात खांब घालायचे आणि टोक ओढलं की मधलं भोक मिटतं, हे बघायला सुंदर असतं. पण जे टोक ओढून मिटतं तेच सैल पडलं की उघडतं. माझ्या तिसऱ्या चौकोनाच्या मध्यभागी एका धुण्यातच बोट जाईल एवढं भोक पडलं. तेव्हापासून ते टोक मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईत ओवून गोलाभोवती एकदा पूर्ण फिरवते, मग उलट दिशेने अर्धं परत आणते. दिशा बदलली की दोरा धरून बसतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी सरळ पाच-सहा साखळ्या जोडून गोल करावा. मध्ये बारीक भोक राहतं, फुलाला ते शोभून दिसतं.

टोकांचंही असंच. तीन रंग म्हणजे एका चौकोनाला सहा टोकं, सोळा चौकोनांना ९६. मी पहिल्या पाच चौकोनांची टोकं नंतर एकदम लपवू म्हणून तशीच लोंबत ठेवली होती. ती एका बसणीत लपवताना मान आणि डोळे दोन्ही दुखले. आता चौकोन संपला की टोकं लपवूनच तो बाजूला ठेवते, आणि दुसऱ्याचा गोल त्यानंतर सुरू करते.

सोळा चौकोन एकावर एक ठेवले तेव्हा पहिला आणि शेवटचा यांत जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक निघाला. सुरुवातीला हात घट्ट होता. मन लावून, भीत भीत विणलं की दोरा ओढला जातो. पुढे बोटं निवांत झाली आणि टाके मोकळे पडले. हा फरक उसवून काढावा असं मला वाटलं नाही. मी सुती आणि लोकरीचे चौकोन पाण्यात भिजवले, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं, आणि जाड फोमवर १० सेंटीमीटरचा चौकोन आखून त्यावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवले. आधी चार कोपरे, मग बाजूंचे मध्य. पाकळ्यांना टाचणी लावायची नाही; ओल्या असतानाच बोटाने वर उचलून ठेवायच्या, वाळल्या की तशाच राहतात. ॲक्रिलिकचे जे तीन होते ते भिजवून फारसा उपयोग झाला नाही, त्यांना इस्त्री वर अधांतरी धरून नुसती वाफ दिली. ॲक्रिलिकला इस्त्री टेकवायची नाही, तो धागा उष्णतेने चपटा पडतो आणि पुन्हा फुलत नाही.

टाचण्या काढल्यावर पंधरा चौकोन एका मापात आले. पहिला अजून दोन-तीन मिलिमीटर कमी आहे. तो जोडताना कडेला न ठेवता मधल्या भागात घेणार आहे, म्हणजे चारी बाजूंचे शेजारी त्याला थोडे ताणून धरतील. जोडायला हिरवीच लोकर घेतली आहे आणि मुक्या खांबांनी जोडायचं ठरवलं आहे. सहा पाकळ्यांचा तो आयत उसवला नाही. त्याचं फूल फार चांगलं झालं होतं, ते मावशीला देणार आहे.