एनर्जी ऑडिटरची परीक्षा आणि एक भरभरून गेलेला आठवडा

गेल्या आठवड्यात निकाल लागला आणि मी सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर झाले, म्हणजे वीज-इंधन कुठे वाया जातं ते तपासणारी. चारही पेपर एकदम निघाले. मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमावाली. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. अभ्यास सुरू केला तेव्हा ही परीक्षा दिलेलं ओळखीचं कुणीच सापडेना, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

ही परीक्षा बीईईची, म्हणजे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा आला आणि 1 मार्च 2002 पासून बीईईचं काम सुरू झालं. पहिले तीन पेपर काढले की एनर्जी मॅनेजर, चौथाही काढला की ऑडिटर. पहिले तीन 150 मार्कांचे, तीन-तीन तासांचे. चौथा 100 मार्कांचा, दोन तासांचा, पुस्तकं उघडी ठेवून. प्रत्येक पेपरात 50 टक्के लागतात. ऑडिटरसाठी इंजिनिअरिंगच्या पदवीधराला तीन वर्षांचा अनुभव पुरतो, डिप्लोमावाल्याला सहा वर्षांचा लागतो. चारही पुस्तकं बीईईच्या साइटवर फुकट मिळतात आणि माझ्या मते तीच पुरेशी आहेत. बाहेरच्या गाइडवर पैसे घालू नका.

तिसरा पेपर माझ्या रोजच्या कामातला. मोटर, पंप, पंखे, पॉवर फॅक्टर. पंख्याचा किंवा पंपाचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे सूत्र कॉलेजात पाठ केलं होतं. आता कूलिंग टॉवरच्या पंपावर व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा आकडा आणि मीटरचा आकडा शेजारी शेजारी लिहून बघितला आणि जो आनंद झाला तो कॉलेजात कधी झाला नव्हता. पहिल्या पेपरात कायद्याची कलमं, गुंतवणूक परवडते का ते बघायची एनपीव्ही-आयआरआरची गणितं, कामांचं वेळापत्रक आखायची पर्ट-सीपीएम पद्धत असं सगळं. तिथे पाठांतर आणि सराव, दुसरा उपाय नाही.

खरी धास्ती होती दुसऱ्या पेपरची. बॉयलर, स्टीम, फर्नेस. आमच्या कारखान्यात बॉयलरच नाही! माझा मामेभाऊ दिंडोरीकडे एका फूड प्रोसेसिंगच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे. त्याच्या साहेबांची परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी गेले. तो म्हणाला, "ताई, पुस्तक मिटून ठेव आधी, माझ्यामागे चाल." धुराड्याच्या नळीवरचा थर्मामीटर दाखवला. ट्यूब साफ केल्या की तो आकडा किती खाली येतो आणि काजळी धरली की कसा चढत जातो, हे त्याच्या लॉगबुकात रोजच्या रोज लिहिलेलं होतं. धुराचं तापमान 22 अंशांनी उतरलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, हे पुस्तकातलं वाक्य त्याच्या वहीत नुसत्या आकड्यांत होतं. मग फीड वॉटरची, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याची टाकी दाखवली. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी परत आणल्यामुळे पाणी गरम, आणि पाणी सहा अंशांनी गरम मिळालं की पुन्हा एक टक्का इंधन कमी. वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा स्टीम ट्रॅप उघडा राहून वाफ कशी वाया जाते तेही त्याने आवाजावरून ओळखायला शिकवलं. त्या एका दुपारने माझा दुसरा पेपर काढला, हे मी कुणालाही सांगेन.

चौथ्या पेपराबद्दल एकच सांगते. पुस्तक उघडं असलं तरी पानं शोधायला वेळ मिळत नाही. सगळी सूत्रं स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवा आणि कुठलं गणित कुठे आहे ते बोटांना माहीत असू द्या.

अभ्यास बहुतेक पहाटेचा. मुलगी उठायच्या आत जेवढा होईल तेवढा. सासूबाई न सांगता चहा ठेवून जायच्या. नवऱ्याने रविवारचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. परीक्षेला मुंबईला जायचं होतं. आदल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने निघाले, ठाण्याला आत्याकडे राहिले. आत्याने परीक्षेच्या सकाळी हातावर दही दिलं. पेपर कसे गेले ते तेव्हा सांगता येत नव्हतं, पण हात थांबला नाही.

निकालाची वाट बघताना मी कारखान्यात मशीनना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या मागे लागले. पुस्तकात गळती मोजायची एक साधी चाचणी आहे. सगळ्या मशीन बंद, म्हणजे हवा कुणीच वापरत नाही, आणि तरी कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर (हवा भरत) चालतो आणि किती वेळ अनलोड (हवा न भरता) राहतो ते घड्याळावर मोजायचं. साप्ताहिक सुट्टीला आमचे जुने फिटर काका आणि मी कॉम्प्रेसर रूममध्ये उभे राहिलो. लोड 80 सेकंद, अनलोड 120 सेकंद. पुन्हा मोजलं, तेच. म्हणजे 40 टक्के हवा कुणाच्याही उपयोगाला न येता जात होती. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, एक एक सांधा बघू."

मशीन बंद असल्या की शॉप फ्लोअरवर ती हवा ऐकू येते. एरवी आवाजात दबलेली असते. काकांनी साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने लावत गेले. पाइपच्या जोडापाशी बारीक फेस, हवा गाळणाऱ्या एफआरएलच्या वाटीखाली मोठे फुगे, एका जुन्या प्लास्टिकच्या पाइपला तर चीरच. जिथे बुडबुडा तिथे लाल टॅग. हवेतलं पाणी आपोआप सोडणारे ऑटो ड्रेन व्हॉल्व्ह अडकून सतत फुसफुसत होते, ते सगळ्यांत वाईट. पुढे रोज शिफ्ट सुटल्यावर कारखान्यातल्या पोरांनी एकेक गळती बंद करून टॅग काढत आणले.

आणि मग गेला आठवडा. सोमवारी पुन्हा चाचणी घेतली. लोड 54 सेकंद आणि अनलोड तब्बल 8 मिनिटं! गळती 10 टक्क्यांच्या आसपास आली. काकांनी आकडा स्वतःच्या हाताने बोर्डावर लिहिला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत निकाल लागल्याचं कळलं. माझा रोल नंबर यादीत शोधला, मग खात्रीसाठी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला शोधायला लावला. तिने ओरडूनच सांगितलं. घरी फोन केला तेव्हा सासूबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग माझ्याशी बोलल्या. शुक्रवारी प्लांट हेडनी आकडे मागवून घेतले आणि हवेचा दाब एक बारने उतरवून बघायला परवानगी दिली. एवढ्याने कॉम्प्रेसरची वीज 6 ते 10 टक्के वाचते, त्यामुळे ही परवानगी मला निकालाइतकीच मोठी वाटते.

रविवारी सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेले. घरचे, काका, टॅग काढणारी पोरं आणि दिंडोरीहून मामेभाऊ. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, वर गरम जिलेबी. पोरांनी किती वेळा तर्री मागितली ते मोजलं नाही. काकांनी माझ्या मुलीला बोर्डावरच्या आकड्याची गोष्ट सांगितली आणि तिने "पण हवा पळून कुठे जाते?" विचारल्यावर काका तिला नीट समजावत बसले.

मामेभावाकडे सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आहे, आता त्याला बॉयलर अटेंडंटची फर्स्ट क्लासची परीक्षा द्यायची आहे. तोंडी त्याला सगळं येतं, लिहायला अडतो. पुढच्या रविवारपासून तो माझ्याकडे येणार आहे. माझी बॉयलरची वही मी त्याला तिथेच देऊन टाकली.